आमटीतली गोळी

ताई, नमस्कार. बार्शीहून लिहितेय. माझा मुलगा २५ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारचे पाळत ठेवतात, जेवणात काहीतरी कालवतात, असं म्हणायचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे असं सांगितलं आणि ओलान्झापिन १० ची गोळी रात्री घ्यायला दिली. चार महिन्यांत पोरगं माणसात आलं. पुढे वजन १३ किलो वाढलं, मित्र चिडवायला लागले आणि त्याने गोळी सोडली. दीड महिन्यात पुन्हा सगळं सुरू झालं. तेव्हापासून, म्हणजे गेले आठ महिने, मी गोळी कुटून रात्रीच्या आमटीत घालते. त्याला माहीत नाही. आता तो चांगला आहे, चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, फक्त सकाळी दहापर्यंत उठत नाही. डॉक्टरांकडे यायला तयार नाही, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणते. नणंद म्हणते, बरा झालाय, बंद कर आणि लग्न लावून दे. हे म्हणतात, चाललंय ते चालू दे. आमटीऐवजी दुधात दिली तर चालेल का? आणि किती वर्षं द्यायची?
— एक आई

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दिवसभर कामात सोबत राहिलं. आठ महिने रोज रात्री ओट्यापाशी उभं राहून, कुणी बघत नाही ना हे पाहत गोळी कुटायची, मग ती वाटी पुसून ठेवायची, आणि समोर बसून तो पूर्ण जेवतोय का ते बघायचं. हे तुम्ही मुलाच्या जिवासाठी केलंत. त्याबद्दल तुम्हाला दोष देणारं एक अक्षरही मी लिहिणार नाही. तुमच्यासारख्या शेकडो आया माझ्या खिडकीसमोर येऊन गेल्यात. सव्वीस वर्षं मी सरकारी रुग्णालयात औषधं देते आहे. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्या हळूच विचारतात, "ही विरघळते का हो?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आमटी नको आणि दूधही नको. गोळी त्याच्या हातात गेली पाहिजे, त्याला माहीत असताना. ते उद्याच होणार नाही, आणि घाईने करायचंही नाही. पण तुम्ही 'सुरक्षितपणे कशी देऊ' असं विचारताय, आणि लपवून दिलेली गोळी सुरक्षित करण्याची युक्ती माझ्यापाशी नाही. इतक्या वर्षांत मला ती सापडलेली नाही.

हे मी फक्त औषधनिर्माती म्हणून म्हणत नाही. माझा थोरला भाऊ १९९४ साली याच आजाराने आजारी पडला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई त्याला दुपारच्या ताकातून औषध द्यायची. जवळजवळ पाच महिने निभावलं. एक दिवस पेल्याच्या तळाशी पांढरे कण राहिले आणि ते दादाने पाहिले. तो ओरडला नाही, भांडला नाही. फक्त म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो." त्याला वाटत होतं की घरचे आपल्या अन्नात विष घालतात. डॉक्टर म्हणत होते तो भ्रम आहे, आम्ही म्हणत होतो तो भ्रम आहे, आणि पेल्याच्या तळाशी पुरावा होता. त्यानंतर वर्षभर त्याने आईच्या हातचं काही खाल्लं नाही. स्टोव्हवर स्वतःचा भात शिजवायचा, नाहीतर बंद पुड्यातली बिस्किटं. आई त्याच्या खोलीबाहेर ताट ठेवायची आणि तासाभराने ते तसंच उचलून आणायची. आजारापेक्षा त्या वर्षाने तिला जास्त म्हातारं केलं.

तुमचा मुलगाही आजारात हेच म्हणत होता, जेवणात काहीतरी कालवतात. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी थांबले. आज तो तुमच्या हातचं निर्धास्त खातोय, ही आठ महिन्यांतली मोठी कमाई आहे. ती वाटीच्या तळाला राहिलेल्या भुकटीच्या भरवशावर ठेवू नका.

आता औषधाच्या अंगाने बघा. तो आमटी अर्धी टाकतो त्या दिवशी त्याला १० मिलिग्रॅम मिळतात की ४, तुम्हाला कळत नाही. दुकानातून जेवून येतो त्या दिवशी काहीच मिळत नाही. पाहुणा आला, वाटी बदलली, भाचीने त्याच वाटीत पोळी बुडवली, तर ज्याला या औषधाची सवय नाही त्याला, त्यातून लहान मुलाला, गाढ गुंगी येऊ शकते, रक्तदाब खाली जाऊ शकतो. त्याला उद्या जुलाब झाले, ताप आला, तर गल्लीतल्या डॉक्टरांना तो सांगेल की मी कुठलंही औषध घेत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी दहापर्यंत उठवत नाही, अंग जड वाटतं, तोंड कोरडं पडतं, याचं कारण त्याला माहीतच नाही. तो स्वतःला आळशी समजत असेल. तुम्हीही कदाचित चिडून तसं बोलला असाल.

पण म्हणून आज रात्रीपासून आमटीत गोळी घालणं थांबवा, असं मी सांगत नाही. हे नीट वाचा. एकदम बंद करण्यातही मोठा धोका आहे, आणि दीड महिन्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. २०१२ साली जगभरच्या ६५ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. औषध चालू असलेल्या १०० जणांपैकी सुमारे २७ जणांचा आजार वर्षभरात उलटला. औषध काढून नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यात १०० पैकी ६४ जणांचा. तुमच्या नणंदबाईंना हे आकडे सांगा. 'बरा झालाय' हे खरं आहे, आणि तो गोळीमुळे बरा आहे हेही तितकंच खरं आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर गोळीने ताब्यात आली की आपण गोळी फेकून देत नाही.

तेव्हा या आठवड्यात एकच काम. सोलापूरच्या त्याच डॉक्टरांची वेळ घ्या आणि तुम्ही दोघं, तुम्ही आणि मिस्टर, मुलाशिवाय जा. त्यांना सगळं खरं सांगा: आठ महिने लपवून देतोय, मधले इतके दिवस चुकले असतील, वजन इतकं आहे, सकाळी झोप अशी आहे. डॉक्टर रागावतील या भीतीने बरेच लोक हे लपवतात. मग डॉक्टर समजतात की रुग्ण स्वतःहून, रोज, पूर्ण १० मिलिग्रॅम घेतोय, आणि त्या हिशोबाने पुढचं ठरवतात. चुकीच्या माहितीवर ठरलेला डोस चुकीचाच निघतो. भेट होईपर्यंत डोस वाढवू नका, कमी करू नका, दुसरं कुठलं चूर्ण किंवा गोळी जोडू नका, आणि त्याची वाटी दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही हे बघा. वेळ मिळायला उशीर लागला तर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानसची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र असते आणि मराठीत बोलता येतं. नाव न सांगताही विचारू शकता.

आता त्याला सांगण्याबद्दल. यावर मी थोडं लांब लिहिणार आहे, कारण सगळं यावर उभं आहे.

जेवताना सांगू नका. भांडणात तर मुळीच नाही, 'आठ महिने मी घातली म्हणून तू उभा आहेस' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. जमलं तर डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्यासमोर सांगा, किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसाला जवळ बसवून. तुमच्या पत्रावरून मला तो चुलतभाऊ तसा वाटतो. तो चांगला असेल, नीट झोपलेला असेल, असा दिवस निवडा. सुरुवात आजारापासून करू नका, तुमच्यापासून करा. "मी घाबरले होते. तू पुन्हा तसा होशील याची मला इतकी भीती वाटली की मी तुला न विचारता गोळी जेवणात घातली. ते चुकलं. यापुढे तुझ्या ताटात मी काहीही लपवून घालणार नाही." एवढंच सांगा आणि थांबा. समजावू नका, रडून त्याला गप्प करू नका. तो चिडेल, चिडायचा त्याला हक्क आहे. दोन दिवस जेवणार नाही कदाचित. जेवायला बसला तर एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढा, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि तुम्हीही तेच खा. दिलेला शब्द मात्र पाळायचा. पुढे कधी तो पुन्हा नाही म्हणाला आणि तुमचा हात कुटायच्या वाटीकडे गेला, तरी नाही. दुसऱ्यांदा सापडलात तर मग कुणाच्या शब्दाला किंमत राहणार नाही, डॉक्टरांच्याही नाही.

आजारात तो कसा होता हे त्याला ऐकवू नका. आता काय बरं चाललंय ते त्यालाच विचारा. आवाज थांबले, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता येतं, रात्री झोप लागते, हे त्याला स्वतःला हवं आहे. गोळीचा संबंध या गोष्टींशी लागला की तो ती घेईल. 'तू वेडा आहेस म्हणून घे' याच्याशी लागला तर कुणीच घेणार नाही, तुम्ही-मीही नाही.

कायद्याची बाजूही सांगून ठेवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, मे २०१८ पासून लागू झाला. ज्याला आपल्या उपचारांचं बरंवाईट समजतं त्याची संमती घेऊनच उपचार व्हायला हवेत, हा त्याचा गाभा. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कुणी बोलायचं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. तुमचा मुलगा आज बरा आहे. पुन्हा त्रास झाला तर काय करायचं हे त्याच्या स्वतःच्या तोंडून ठरवून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

मग वजन. मित्रांनी चिडवलं म्हणून त्याने गोळी सोडली, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. पंचविशीतल्या पोराचे शर्ट-पँट अंगात येईनासे होणं ही छोटी गोष्ट नव्हे. ओलान्झापिन भूक वाढवतं, पोट भरल्याची जाणीव कमी करतं, वजन आणि साखर वाढवतं. या आजाराच्या औषधांमध्ये ते आणि क्लोझापिन नावाचं दुसरं औषध वजनाच्या बाबतीत सगळ्यात पुढे आहेत. हे त्याला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आता डॉक्टरांना थेट विचारा: वजन कमी वाढवणारं दुसरं औषध त्याला चालेल का? ॲरिपिप्राझोल आहे, लुरासिडोन आहे. लुरासिडोन मात्र भरल्या पोटीच घ्यावं लागतं, निदान ३५० कॅलरीचं जेवण पोटात हवं, नाहीतर ते अंगी नीट लागत नाही. बदल हळूहळू, एक कमी करत दुसरं वाढवत, डॉक्टरांच्याच देखरेखीत होतो. ओलान्झापिनच ठेवायचं ठरलं तर वजन आवरायला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडतात, तेही विचारा. रोज गोळीची कटकट नको असं तो म्हणाला तर महिन्याकाठी घ्यायची इंजेक्शनंही असतात. ती त्याने निवडावीत, त्याच्यावर लादू नयेत.

आठ महिन्यांत त्याची साखर तपासलेली नाही, असं मी धरून चालते, कारण तो डॉक्टरांकडे गेलाच नाही. उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर, एवढं एकदा करून घ्या. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी असं मानतात. औषध नवं असेल तर या तपासण्या सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी होतात. त्याला खूप तहान लागत असेल, रात्री लघवीला सारखं उठत असेल, तर वर्षाची वाट बघू नका. घरात खाण्याबद्दल सारखं टोकू नका, पण शीतपेयाची मोठी बाटली फ्रिजमध्ये असूच नये आणि रात्री भूक लागली तर ज्वारीची भाकरी, ताक, शेंगदाणे हाताशी असावेत, एवढं तुम्हाला करता येईल.

गोळी त्याच्या हातात आल्यावरची रीत अशी. ओलान्झापिन जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. फरक वेळेने पडतो. घेतल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. रात्री साडेअकराला घेतली तर पहाटे साडेपाचला ते शिखरावर, मग दहापर्यंत उठवणार कसं? डॉक्टरांना विचारून सात-आठच्या सुमाराला घेऊन पाहा. बऱ्याच जणांची सकाळ यानेच मोकळी होते. त्यानंतर मोटरसायकल नको, आणि सकाळी झापड असेपर्यंतही नको. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, झटकन उठलं तर चक्कर येते. एखाद्या रात्री राहिली आणि झोपण्याआधी आठवलं तर घ्यावी. सकाळी आठवलं तर सोडून द्यावी आणि रात्री नेहमीची एकच घ्यावी. राहिली म्हणून दोन कधीही नाही. हा नियम ओलान्झापिनचा. क्लोझापिन घेणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं आहे. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर स्वतः परत जायचं नाही, डॉक्टर पुन्हा अगदी थोड्यापासून चढवतात.

आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी मिळते, नाहीतर पट्टीच्या पाठीवर पेनाने वार लिहा. डबी त्यानेच भरावी. तुम्ही रविवारी एकदा नजर टाकली तरी पुरे. रोज 'घेतलीस का, तोंड उघड' असं केलं तर गोळी जिभेखाली ठेवून बेसिनमध्ये थुंकायला माणूस दोन दिवसांत शिकतो. मी कित्येक घरांत हे पाहिलंय. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्याही येतात, पण मुलावर विश्वास नाही म्हणून त्या मागू नका. त्याला गिळायचा त्रास असेल तर मागा. त्या कोरड्या हाताने, पट्टीतून काढल्या काढल्या जिभेवर ठेवायच्या.

मेडिकलवाला कधी वेगळ्या कंपनीची पट्टी देतो. रंग बदलला म्हणून घाबरू नका, पण पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा दर वेळी वाचा. नावापुढे 'प्लस' लागलं असेल तर सहसा त्यात दुसरंही एक औषध मिसळलेलं असतं, ती गोळी तीच नव्हे. आणि जुन्या चिठ्ठीवर आठ महिने गोळ्या मिळतात हे सोयीचं वाटलं तरी चुकीचं आहे, ताई. चिठ्ठी नवी करायला जावं लागतं म्हणूनच तपासणी होते. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात ही गोळी बरीच स्वस्त मिळते, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात फुकट मिळू शकते. दिवाळीच्या सुट्टीत किंवा पावसात रस्ता बंद होतो तेव्हा पंचाईत नको म्हणून आठ-दहा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात असू द्या, कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाताबाहेर.

तो विडी-सिगारेट ओढतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ओढत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. धुरातल्या घटकांमुळे यकृत ओलान्झापिन लवकर संपवून टाकतं, म्हणजे रक्तात औषध कमी उरतं. उलट त्याने एकदम सिगारेट सोडली तर तोच डोस जड होऊ शकतो, गुंगी वाढते. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखू चघळल्याने तसा होत नाही. दारूने गुंगी दुप्पट होते. गांजाने आजारच उलटतो, आणि भांगेचंही तेच, मग ती महाशिवरात्रीची असो की होळीची.

इतर औषधांचा मुद्दा मी घाईत उरकणार नाही, कारण खिडकीत बसून सगळ्यात जास्त गोंधळ इथे पाहिला. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन सर्रास देतात. तेही या गोळीसारखंच मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनावर काम करतं, त्यामुळे मान, जबडा आखडण्याचा त्रास वाढू शकतो. जुलाबावर सिप्रोफ्लोक्सासिन देतात, त्याने ओलान्झापिनचं आणि त्याहून जास्त क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. झोपेच्या, ॲलर्जीच्या, खोकल्याच्या औषधांनी गुंगी वाढते. आणि 'डोकं शांत करणारं' म्हणून मिळणारं झाडपाल्याचं औषध. सर्पगंधा ही काही थोतांड वनस्पती नव्हे, कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी १९३१ साली मनोविकारावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं होतं, आणि तिच्यातूनच पुढे रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध आलं. पण म्हणूनच ती या गोळीबरोबर घ्यायची नाही. खऱ्या औषधावर खरं औषध पडतं, रक्तदाब कोसळतो, मन खिन्न होतं. त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या, औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर. कुठल्याही दवाखान्यात ती आधी दाखवायची. तो लपवू पाहत असेल तर आजाराचं नाव लिहू नका, औषधाचं पुरे.

काही गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, बोलण्यात भ्रमिष्टपणा, हे एकत्र आलं तर गोळी देऊ नका आणि लगेच रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. हा त्रास क्वचित होतो पण जीवघेणा आहे. मान वाकडी होऊन अडकणं, डोळे वर चढून राहणं, जीभ जाड झाल्यासारखी वाटणं, हे बघून घरचे घाबरतात, कुणी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेतात. तो औषधाचा परिणाम असतो आणि इंजेक्शनने तासाभरात सुटतो. आणखी एक त्रास ओळखायला अवघड आहे: एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, येरझाऱ्या, आतून जीव कासावीस. घरच्यांना वाटतं आजार परत आला, ते डोस वाढवून मागतात आणि त्रास दुप्पट होतो. ॲरिपिप्राझोलवर गेलात तर पहिल्या काही आठवड्यांत याकडे लक्ष ठेवा. वर्षानुवर्षं घेतल्यावर ओठ, जीभ नकळत हलायला लागले तर तेही लगेच दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं तो कधी बोलला तर त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा.

तुमच्याकडचा उन्हाळाही लक्षात ठेवा. या औषधांवर शरीराला उष्णता नीट आवरता येत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसत असेल तर पंखा, पाणी, ताक, आणि बाराच्या उन्हात फिरणं नाही.

किती वर्षं? एका वेळच्या आजारानंतर पूर्ण बरं वाटू लागल्यापासून निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवतात. तुमच्या मुलाला दोनदा झालंय, त्यामुळे बहुधा त्याहून जास्त. पण 'जन्मभर' हा शब्द आज त्याच्यासमोर उच्चारू नका. डोस कमी करता येतो, कित्येकांचा करतात, महिनोनमहिने घेऊन, पायरी-पायरीने. त्याला सांगा की कमी करायची इच्छा झाली तर ती बोलून दाखव, आपण डॉक्टरांकडे जाऊ. गुपचूप सोडण्यापेक्षा सांगून कमी करणं कितीतरी बरं, आणि ते सांगायचं धाडस त्याला व्हायचं असेल तर घरातला गुपचूपपणा आधी तुमच्याकडून संपला पाहिजे.

लग्नाचं मी एवढंच म्हणेन: आत्ता नाही. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही की तो गोळी घेतोय, तो होणाऱ्या बायकोला काय सांगणार? लग्न हे औषध नाही, आणि एका परक्या मुलीला आमटीसाठी गोळी कुटायच्या कामाला लावायचं नाही. तो गोळी स्वतः घेतोय, काम करतोय, स्वतःबद्दल बोलू शकतोय, असं वर्षभर झालं की तो विषय त्याच्याशीच काढा.

मिस्टरांना पत्रातला एवढा तरी भाग वाचून दाखवा, की हा भार तुम्ही एकटीने उचलू नये. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे रुग्णांच्या घरच्यांचे गट भरतात. आईच्या तोंडून आईने ऐकणं वेगळं असतं. माझ्या आईला असं कुणी भेटलं नव्हतं.

सोलापूरला जाताना पिशवीत या गोष्टी घ्या: सुरू असलेली पट्टी आणि घरात असतील त्या रिकाम्या पट्ट्या, जुनी चिठ्ठी, त्याने गोळी सोडली तो महिना आणि तुम्ही आमटीत घालायला लागलात तो महिना लिहिलेला कागद. दुसऱ्यांदा आजार सुरू होताना पहिल्या दोन आठवड्यांत काय दिसलं तेही त्यावर लिहा, झोप उडाली की मोबाइल बंद करून ठेवायला लागला की अंघोळ टाळायला लागला. दर माणसात या खुणा ठरलेल्या असतात, आणि डॉक्टरांना त्या तुमच्याइतक्या दुसरं कुणी सांगू शकणार नाही. आणि डॉक्टरांची पुढची वेळ ठरवून या, तिघांसाठी.